हवेतला बांध आणि दाजींचा प्रश्न

परवा रविवारी ताईकडं जेवायला होतो, राजारामपुरीत. मटण झालं, पांढऱ्याची दुसरी वाटी झाली, आणि सोफ्यावर लवंडता लवंडता दाजींनी विषय काढला. "पाव्हणं, रागावू नका, पण बारा वर्षं झाली, तुम्ही नेमकं काय काम करताय हे मला अजून कळलेलं नाही. कुणी विचारलं की मी आपलं सांगतो, मोबाईल कंपनीत आहेत."

मोबाईल कंपनीत मी होतो, पण तीनच वर्षं. आता एका छोट्या कन्सल्टन्सीचं काम घरातनं करतो आणि महिन्यातनं एकदा दिल्लीला जाऊन येतो. काम स्पेक्ट्रमचं. म्हणजे हवेतल्या रेडिओ लहरी कुणी किती वापरायच्या, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, किती ताकदीनं, शेजाऱ्याला त्रास झाला तर काय, ह्याचे कागद वाचायचे आणि कागद लिहायचे. हे सांगितलं की समोरचा दोन सेकंद गप्प होतो आणि मग म्हणतो, "बरं, मग आमच्याकडं रेंज का येत नाही?" नाहीतर "रानात टॉवर बसवायचाय, भाडं किती मिळंल?" (टॉवरचं आत्ताच सांगून टाकतो. टॉवर बसवतो म्हणून कुणी आधी पैसे भरायला सांगितलं तर तो चोर आहे. ट्राय, म्हणजे टेलिकॉमची नियामक संस्था, असलं कुठलंही एनओसी देत नाही, त्यांनी हे कितीदा जाहीर केलंय, तरी दर सहा महिन्यांनी आमच्या पाहुण्यांतलं कोणतरी ट्रायचा शिक्का मारलेलं पत्र घेऊन माझ्याकडं येतंच.)

दाजींचा प्रश्न रिकामा नव्हता. भाची सई, ईएनटीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंगच्या, तिसऱ्या वर्षाला आहे, आणि दाजींचं ठरलंय की शेवटच्या वर्षी कोडिंगचा क्लास, मग हिंजवडी. सईला अँटेना आवडतो. आता अँटेना आवडणाऱ्या पोरीनं कोल्हापुरात राहून करायचं काय, हा खरा प्रश्न, आणि तो माझ्या गळ्यात आला.

दाजींची वडिलोपार्जित शेती शिरोळला, त्यामुळं मी बांधापासनं सुरू केलं. म्हणलं, दाजी, तुमच्या आणि शेजाऱ्याच्या उसात बांध आहे का? "होता," म्हणाले. दरवर्षी नांगरताना वीतभर वीतभर आत सरकत आता चालायला पाऊल टेकत नाही इतका उरलाय, त्यावरनं तहसीलपर्यंत अर्ज गेलेत, मोजणीवाले येऊन खुणा रोवून गेलेत, खुणा रात्रीत गायब झाल्यात, सगळं झालंय. म्हणलं बस्स, हेच. हवेत पण असेच वाफे पाडलेत आणि दोन वाफ्यांमधे बांध सोडलाय, त्याला आमच्यात गार्ड बँड म्हणतात. प्रत्येकाला वाटतं की हा बांध उगीच वाया चाललाय, मला दिला तर दोन सऱ्या वाढतील. आणि ह्या वाफ्यांचा भाव साधा नाही. २०२२ च्या लिलावात ७२,०९८ मेगाहर्ट्झ विकायला काढलेलं, त्यातलं ५१,२३६ गेलं, सात दिवस चाललेला, ४० फेऱ्या, आणि रक्कम १,५०,१७३ कोटी. दाजींनी आकडा परत विचारला. परत सांगितला. मग ते सोफ्यावर उठून बसले.

"हवेचे?"

हवेचे. आणि ती हवा कुणाची हे पण ठरलेलं आहे. १९९५ ला सुप्रीम कोर्टात क्रिकेटच्या मॅचच्या प्रक्षेपणावरनं खटला झालेला, क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालचा, त्यात कोर्टानं सांगितलं की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपले मराठीच. पुढं २०१२ मध्ये ह्याच कोर्टानं १२२ परवाने एका दिवसात रद्द केले, तो टू जीचा गोंधळ सगळ्यांना आठवत असेल. त्या वर्षी मी नुकताच चिकटलेलो आणि आमच्या ऑफिसात चहाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

आता एक प्रसंग सांगतो म्हणजे कामाची चव कळेल.

फाइव्ह जी आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गांधीनगरच्या पुढच्या एका गावात माझा शाळेतला दोस्त केबलचा धंदा करतो, त्याचा फोन आला. गच्चीवरच्या मोठ्या डिशवरची निम्मी चॅनेल दिवसभर फुटतात, चौकोन चौकोन होतात, लोकं शिव्या घालायला लागलीत. त्यानं आधी एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा डबा, बदलला, मग वायर बदलली, मग सगळ्यांनी सांगितलं म्हणून डिश हलवून बघितली आणि होती ती चॅनेल पण घालवली. मी गेलो तर गच्चीवरनं अडीच-तीनशे मीटरवर टॉवर, त्यावर नवी कोरी पांढरी पेटी, आणि तिचं तोंड बरोब्बर आमच्याकडं.

प्रकार असा असतो. ही मोठी डिश ज्या उपग्रहाकडं बघते तो ३६ हजार किलोमीटरवर. तिथनं निघालेला सिग्नल खाली पोचेपर्यंत इतका बारीक होतो की जोतिबाच्या यात्रेत गुलालात, हलगी कडाडत असताना, शेजारचा माणूस कानात काहीतरी कुजबुजतोय आणि ते तुम्हाला ऐकायचंय, तशी अवस्था. डिशची चॅनेल ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झमध्ये येतात. फाइव्ह जीला दिलेला वाफा ३३०० ते ३६७०. मधे ३० मेगाहर्ट्झचा बांध आहे. म्हणजे कागदावर कुणी कुणाच्या रानात गेलेलं नाही. पण दोस्ताकडचा एलएनबी जुन्या बनावटीचा, त्याचे कान ३४०० पासनंच उघडे. इतकी वर्षं तिथं कुणी बोलतच नव्हतं म्हणून चाललं. आता तिथं टॉवर ओरडायला लागला आणि एलएनबी बधिर झाला. आपलं ढोर इतकी वर्षं शेजारच्या पडक्या रानात चरत होतं, शेजाऱ्यानं ते रान कसायला घेतलं, तर भांडायला आपण कुठल्या तोंडानं जाणार?

दोस्ताला हे पटलं नाही. "माझी डिश वीस वर्षं हितं हाय, ते काल आलंय, आणि चूक माझी?" त्याचं पण बरोबरच आहे की. आमच्या धंद्यातली ही जुनी अडचण आहे, सगळे नियम बोलणाऱ्यावर, ऐकणाऱ्यावर जवळजवळ काहीच नाही. ट्रान्समीटरनं किती ओरडायचं, बांधाबाहेर किती सांडलेलं चालेल, ह्याचे तक्ते आहेत. रिसीव्हरनं स्वतःचे कान किती नीट झाकावेत हे कुणी दामटून सांगत नाही, कारण रिसीव्हर करोडो आणि स्वस्त आणि कुणाच्याही गच्चीवर. मला विचारलं तर पुढच्या दहा वर्षांतली निम्मी भांडणं ह्यावरच होणारेत. विमानांचं बघा ना, उंची मोजायचे रेडिओ अल्टिमीटर ४२०० ते ४४०० मध्ये चालतात, फाइव्ह जीपासनं ५०० मेगाहर्ट्झच्या वर लांब, तरी नोव्हेंबर २०२२ ला दूरसंचार खात्यानं पत्र काढलं की पुणे, नागपूर, दिल्ली, बेंगळुरू, गुवाहाटी ह्या विमानतळांजवळ, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासनं २.१ किलोमीटर आणि मधल्या रेषेपासनं ९१० मीटरपर्यंत ३३०० ते ३६७० चे बेस स्टेशन लावू नका. का, तर जुन्या अल्टिमीटरचे कान.

दोस्ताचं पुढं काय झालं म्हणाल तर बँडपास फिल्टर. वीतभर लांबीचा अॅल्युमिनियमचा तुकडा, फीडहॉर्न आणि एलएनबीच्या मधे नटबोल्टनं बसतो, ३७०० च्या खालचं आत येऊच देत नाही. मागवला, आला, भर दुपारी दोन वाजता गच्चीवर पाय भाजत बसवला, खालनं पोरगं ओरडलं, "आलं! आलं! समदी आली!" दोस्तानं मला सोळंकीचं आइस्क्रीम खायला घातलं आणि बिल मोबाईल कंपनीला लावता येईल का ते विचारलं.

दाजी म्हणाले, "म्हणजे तुम्ही डिश दुरुस्त करता." नाही ओ. डिश ही दोस्तीत झाली. माझं काम ते ३६७० आणि ३७०० कुणी, कधी, कशावरनं ठरवलं त्या भानगडीत असतं.

ते ठरतं असं, की सगळ्यात वर आयटीयू, संयुक्त राष्ट्रांची संस्था, जिनेव्हाला. ती १८६५ ची आहे, पॅरिसला तारेसाठी म्हणून सुरू झालेली, रेडिओचा पत्ता पण नव्हता तेव्हा. तिचं एक पुस्तक आहे, रेडिओ रेग्युलेशन्स, त्यात ८.३ किलोहर्ट्झपासनं ३००० गिगाहर्ट्झपर्यंतचा सातबारा लिहिलाय असं समजा, कुठल्या पट्ट्यात काय चालेल. जगाचे तीन भाग केलेत, आपण तिसऱ्यात. ह्या पुस्तकात एक गंमत आहे जी मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी खुर्चीवरनं पडायचा राहिलो. एकाच पट्ट्यात दोन-तीन प्रकारचे लोक असतील तर काहींची नावं कॅपिटल अक्षरात छापतात आणि काहींची साध्या अक्षरात. कॅपिटलवाला तो प्रायमरी, म्हणजे मालक. साध्या अक्षरातला सेकंडरी, म्हणजे त्यानं मालकाला त्रास द्यायचा नाही आणि मालकानं त्रास दिला तर तक्रार पण करायची नाही. बास. अक्षर मोठं का बारीक ह्याच्यावर चार चार वर्षं देशादेशांची भांडणं चालतात. आणि मग खाली तळटीपा. खरी मजा तळटीपांत. वरच्या तक्त्यात दिलेलं खालच्या तळटीपेत अमुक देशांपुरतं काढून घेतलेलं असतं.

हे पुस्तक बदलायला दर तीन-चार वर्षांनी जागतिक परिषद भरते, वर्ल्ड रेडिओकम्युनिकेशन कॉन्फरन्स. मागची २०२३ ला दुबईत झाली, पुढची २०२७ ला शांघायला. चार आठवडे चालते आणि शेवटच्या आठवड्यात लोकं रात्र रात्र जागून एका वाक्यावर अडून बसतात. दुबईत सहा गिगाहर्ट्झवरनं मोठा राडा झाला, मोबाईलवाले म्हणतात आम्हाला द्या, वायफायवाले म्हणतात आम्हाला. आपल्याकडं पण तेच दोन तट. मे २०२५ मध्ये त्यातला खालचा भाग, ५९२५ ते ६४२५, वायफायला विनापरवाना मोकळा करायचा मसुदा सरकारनं काढला तेव्हा दोन्हीकडनं पानंच्या पानं आली, आणि त्यातली काही पानं, आता कुणासाठी ते सांगत नाही, राजारामपुरी आठव्या गल्लीतल्या एका टेबलावर लिहिली गेलीत.

भारतात ह्याचं दप्तर सांभाळणारी शाखा म्हणजे डब्ल्यूपीसी, वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग, १९५२ सालची, दूरसंचार खात्याच्या आत. आपला देशी सातबारा ती काढते, नॅशनल फ्रिक्वेन्सी अॅलोकेशन प्लॅन. ट्राय १९९७ ची, ती सल्ला देते, भाव सुचवते, पण वाटप करत नाही. आणि कोण कुठं चोरून बोलतंय ह्यावर कान ठेवायला वेगळी मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे, देशभर केंद्रं आहेत तिची. उपग्रहांवर कान ठेवणारं केंद्र तर आपल्या जालन्यात आहे. जालन्याला स्टीलच्या सळ्या सोडून हे पण आहे, हे जालन्याच्या लोकांना पण माहीत नसतं, मी विचारून बघितलंय.

चोरून बोलण्यावरनं आठवलं. कंपनीत ड्राइव्ह टेस्टला, म्हणजे गाडीतनं फिरत रेंज मोजायला, होतो तेव्हाचं, गाडीच्या डॅशबोर्डवर तीन मोबाईल टेपनं चिकटवलेले, मांडीवर लॅपटॉप, आणि दिवसभर गंगावेस ते उजळाईवाडी फिरायचं. महाद्वार रोडच्या मागं एका साइटला अचानक कॉल तुटायला लागले. थ्री जीचा जमाना. टॉवरला ऐकू येणारा आवाज, त्याला आरटीडब्ल्यूपी म्हणायचे, तो गप्पगार असताना उणे १०५ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं माप) आसपास असतो, इथं उणे ८८ दाखवत होता. सतरा डीबी म्हणजे पन्नासपट गोंगाट. टॉवर ठणठणीत, सगळं बदलून झालेलं. शेवटी स्पेक्ट्रम अॅनालायझर आणि माशाच्या काट्यासारखा दिसतो तो यागी अँटेना घेऊन रात्री अकराला मी आणि एक सीनियर त्या बोळांतनं फिरलो. काटा फिरवायचा, स्क्रीनवर उंचवटा कुठं चढतो बघायचं, तिकडं दहा पावलं, परत फिरवायचा. कुत्री मागं लागली, एका आजीनं वरनं विचारलं, "कुठला चोर गावतोय व्हय रं?" तासाभरानं एका लॉजच्या गच्चीवर पोचलो. पाण्याच्या टाकीशेजारी पाइपला तारेनं बांधलेला छोटा अँटेना, तिथनं वायर खाली काउंटरमागच्या डब्यात. सिग्नल बूस्टर. आतला आणि बाहेरचा अँटेना इतके जवळ की एकमेकांचंच ऐकून दोघं किंचाळत होते, मंडपात माइक स्पीकरपुढं आला की कसा कुई करतो तसंच, फक्त हे कुणाला ऐकू येत नाही, टॉवर तेवढा बहिरा होतो. मालक भला माणूस, म्हणाला गिऱ्हाईकाला रेंज पायजे म्हणून साडेचार हजाराला ऑनलाइन मागवला. असला बूस्टर परवान्याशिवाय विकणं, ठेवणं, लावणं बेकायदा आहे हे त्याच्या गावी पण नव्हतं. प्लग काढला, सीनियरनं फोनवर विचारलं, तिकडनं आकडा आला, उणे १०४. लॉजवाल्यानं चहा पाजला. मी त्या रात्री घरी जाऊन झोपलोच नाही, इतकं भारी वाटत होतं. अँटेना आवडणाऱ्या सईला मी हीच गोष्ट सांगितली आणि तिचे डोळे बघून ताई मला स्वयंपाकघरातनं खुणावायला लागली की बास कर.

आणि आपलं कोल्हापूर ह्या कामाला तसं फर्मास ठिकाण आहे. देशाचे २२ टेलिकॉम सर्कल पाडलेत, महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे, मुंबई वेगळी, आणि कर्नाटक कागलच्या पुढं कोगनोळीला सुरू. रोमिंगला पैसे पडायचे त्या काळात आमच्या कागलच्या आत्याला घराच्या मागच्या दारात "वेलकम टू कर्नाटक" यायचं आणि ती फोन घेऊन पुढच्या दारात पळत यायची. चंदगडवाल्यांचं तर विचारूच नका. लहरींना सीमाप्रश्न कळत नाही, पण लिलाव सर्कलवार होतो, अलीकडं ज्या तुकड्यात एक कंपनी तिथं पलीकडं दुसरी बसलेली असू शकते, मग टॉवरची तोंडं खाली झुकवा, ताकद कमी करा, तडजोड करा, हे सगळं चालतं. आणि ऊस. पावसाळ्यात भिजलेल्या बारा फुटी उसात फोन घेऊन उभं राहून बघा, पानांतलं पाणी लहरी पिऊन टाकतं, वरच्या फ्रिक्वेन्सीच्या तर जास्तच. ७०० मेगाहर्ट्झची लहर हातभर लांब, ती निभावते, ३३०० ची जेमतेम नऊ सेंटिमीटर. तोड झाली की त्याच जागी रेंज सुधारते आणि शेतकरी म्हणतो कंपनीनं टॉवर वाढवला.

"हे सगळं खरं," दाजी म्हणाले, "पण नोकरी कोण देतं? आणि किती देतं?"

सरकारी रस्ता सरळ आहे आणि अवघड आहे. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेसची परीक्षा, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमची शाखा, त्यातनं इंडियन रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिस, ग्रुप ए. पूर्व परीक्षा ५०० मार्कांची, मुख्य ६००, मुलाखत २००, एकूण १३००. वय २१ ते ३०. सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१००, भत्ते वेगळे. जागा मात्र बोटावर मोजण्याइतक्या, म्हणून नुसतं ह्यावर डोळा ठेवून बसायचं नाही, त्याच परीक्षेतनं टेलिकॉम सर्व्हिस पण आहे. आपल्याकडं पोरं एमपीएससीला पाच पाच वर्षं घालवतात, अभ्यासिका भरून वाहतात, पण ह्या परीक्षेचं नाव मी एका कॉलेजात गेस्ट लेक्चरला विचारलं तर साठातल्या तिघांनी हात वर केला.

खाजगीत बरंच आहे पण पाटी लावून कुणी बोलवत नाही. प्रत्येक मोबाईल कंपनीत रेग्युलेटरीची टीम असते. उपग्रहवाल्यांना को-ऑर्डिनेशनची माणसं लागतात, म्हणजे आपला उपग्रह शेजारच्या उपग्रहाला त्रास देणार नाही ह्याची गणितं करून जिनेव्हाला फायली पाठवणारी. आता सॅटेलाइट इंटरनेट येतंय म्हणून हे वाढणार. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानं १८८५ चा टेलिग्राफ कायदा मोडीत काढायचं ठरवलं, आणि उपग्रहाच्या स्पेक्ट्रमला लिलाव नाही, सरकार ठरवून देणार, असं त्यात आलं, मग भाव किती ह्यावर ट्रायनं मे २०२५ ला कंपनीच्या उत्पन्नाच्या ४ टक्के सुचवलं, आणि परत भांडण. ब्लूटूथचा स्पीकर असू दे नाहीतर वायफायचा कॅमेरा, भारतात आणायचा तर इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल लागतं, ते करून देणारी छोटी ऑफिसं आहेत, सुरुवातीला शिकायला ती चांगली. आणि ही फक्त इंजिनिअरची मक्तेदारी नाही, आमच्यात वकील आहेत, अर्थशास्त्रवाले आहेत. लिलाव कसा रचायचा ह्या शास्त्रासाठी २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिलग्रोम आणि विल्सन ह्या दोघांना मिळालं, आणि अमेरिकेत ते शास्त्र पहिल्यांदा कामाला लागलं ते स्पेक्ट्रमच्याच लिलावात.

आता वाईट पण सांगतो, नाहीतर म्हणाल मामा भाचीला गाजर दाखवतोय. निम्मं काम वाचन आहे. रटाळ वाचन. दोनशे पानी कन्सल्टेशन पेपर, त्यावर बाकीच्यांनी दिलेली मतं, त्या मतांवर दिलेली उलट मतं, मग ओपन हाउसला, म्हणजे ट्रायच्या जाहीर चर्चेला, जाऊन तेच परत ऐकायचं. इंग्रजीला पर्याय नाही, आणि ती पण फाडफाड बोलायची नाही, मोजून मापून लिहायची. माझ्या पहिल्या मसुद्यात मी एका ठिकाणी "शॅल" च्या जागी "शुड" लिहिलेलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ह्या एका शब्दानं गिऱ्हाईकाचं बंधन गेलं का राहिलं? मला उत्तर देता येईना. कान लाल झाले. दुसरं म्हणजे निकाल लागत नाहीत. दाजींच्या बांधासारखंच. तुम्ही तीन वर्षं एका पट्ट्यावर घासता आणि शेवटी तो पुढच्या परिषदेच्या अजेंड्यावर ढकलला जातो. ज्याला संध्याकाळी कोड चाललेला बघूनच झोप येते त्यानं इकडं येऊ नये, तो कुढत बसेल.

सईला मी नोकरीचं फार बोललोच नाही. म्हणलं आधी हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, लायसन काढ. डब्ल्यूपीसीच परीक्षा घेते, एक भाग थिअरीचा, एक भाग नियमांचा, वरच्या ग्रेडला मोर्स कोड पण, मिनिटाला आठ शब्द. बारा वर्षांवरचं पोरगं पण देऊ शकतं. पास झालं की व्हीयू-टू नाहीतर व्हीयू-थ्रीनं सुरू होणारं स्वतःचं कॉल साइन, म्हणजे हवेतलं नाव, मिळतं. मुलाखतीत ते सांगितलं की समोरच्याचा चेहराच बदलतो, मी बघितलंय. शिवाय नियमांचा भाग वाचताना कळतं की आपल्याला हे आवडतंय का नाही.

बॅगेत माझा एसडीआर डोंगल होता, पेनड्राइव्हएवढा, लॅपटॉपला लावला की आख्खी हवा स्क्रीनवर दिसते. दाजींना झोप लागली म्हणून मी आणि सई गच्चीवर गेलो. ९४.३ ला एक डोंगर, ९८.३ ला एक, १०२.७ ला आकाशवाणी. ती आधी नुसती बघत बसली, मग एकेका डोंगरावर जाऊन ऐकून आली. आणि मग म्हणाली, "मामा, हे मधे मधे काय आहे?" डोंगरांच्या मधल्या सपाटीवर सारख्या अंतरावर बारीक काटे, हळूहळू सरकणारे. म्हणलं तूच शोध. डोंगलची वायर हातात धरून ती जिन्यावर गेली, काटे वाढले. एक मजला खाली, अजून वाढले. दार उघडून हॉलमध्ये, स्क्रीन गवतासारखी भरून गेली. टीव्ही बंद केला, काही फरक नाही. ट्यूब बंद केली, नाही. मग सोफ्यामागच्या बोर्डातनं तिनं एक चार्जर उपटला आणि सगळी सपाटी एका झटक्यात साफ.

दाजींचा चार्जर होता. शाहूपुरीतनं गाडीवर ऐंशी रुपयाला घेतलेला.

दाजी जागे झाले, फोन बघितला, आठ टक्के. "कुणी काढला?"

"बाबा, तुमचा चार्जर एफएमच्या पट्ट्यात घुसतोय," सई म्हणाली.

"मग नोटीस पाठव," दाजी म्हणाले, आणि प्लग परत खोचून कुशीवर वळले.